रेग्युलेटरची एक खाच

लॅडी व्रानाशी बोलायचं तर आधी त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागे. पाठीमागून हाक मारण्यात अर्थ नव्हता. होलुबी गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्या शेडमध्ये शिरणारा माणूस दारातूनच हात हलवत आत यायचा. बाहेरगावचा कुणी आला की दोन-चार वेळा खाकरायचा, मग "हॅलो" म्हणायचा आणि शेवटी टेबलाला वळसा घालून पुढे यायचा. लॅडी मान वर करून म्हणायचा, "केव्हा आलात?"

शेड त्याच्या वडिलांच्या वेळची. दाणा-पेंडीच्या दुकानामागे, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या पेकानच्या दोन झाडांखाली. वडील बंदुका दुरुस्त करायचे आणि लॅडी शाळेतून आल्यावर त्या उडवून बघायचा. कानात काही घालायची तेव्हा पद्धत नव्हती. कापसाचे बोळे घालणाऱ्याला पोरं चिडवायची. पुढे धंदा त्याच्याकडे आला. दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक खडीच्या खाणीत नेऊन उडवायची, हा नेमही त्याने चालू ठेवला. साठी ओलांडेपर्यंत त्याच्या कानांतून एकेक आवाज गळत गेला. आधी रातकिडे गेले, मग फोनची घंटा, मग बायकोची हाक.

बायको अल्बिना. गोल चेहऱ्याची, जिभेने तिखट, खसखस भरलेल्या गोड पावांसाठी, कोलाचींसाठी, चर्चच्या मंडळात नाव असलेली. ती त्याला म्हणायची, "कानाला यंत्र लाव." तो म्हणायचा, "कशाला? तू सगळं दोनदा सांगतेसच की."

ऐकू येत नाही म्हणून त्याचं कामात काही अडलं नाही. अडलं ते ड्रमच्या बाबतीत. अल्बिनाचा भाऊ एमिल सुलाक याच्या बँडमध्ये लॅडी तरुणपणापासून ड्रम वाजवायचा. एमिल अकॉर्डियन वाजवी आणि मधूनमधून गाई. लग्नं, चर्चचे उत्सव, अग्निशमन दलाच्या मदतीचे कार्यक्रम, सगळीकडे हाच बँड असायचा. एका उन्हाळ्यात चर्चच्या उत्सवात दोन ठोक्यांचा पोल्का संपून तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ सुरू झाला. अकॉर्डियन वॉल्ट्झ वाजवत होतं, ट्रम्पेट वॉल्ट्झ वाजवत होतं आणि लॅडीचा पोल्का जोरात चालू होता. नाचणारी जोडपी एक पाय उचलून तशीच थबकली. एमिलला मायक्रोफोन समोर असला की गप्प बसवत नसे. तो म्हणाला, "माफ करा मंडळी, आमचे ड्रमवाले पुढच्या रविवारचा कार्यक्रम आजच उरकताहेत."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. लॅडीला ऐकू आलं नाही, पण सगळे आपल्याकडे बघून हसताहेत हे दिसलं, म्हणून तोही हसला. घरी जाताना गाडीत त्याने अल्बिनाला विचारलं, "काय म्हणाला गं तो?" तिला खोटं बोलता येत नसे. तिने सांगितलं. लॅडीने घरी पोचल्यावर ड्रम गवताच्या माळ्यावर चढवले आणि त्यांच्यावर ताडपत्री टाकली. त्यानंतर एमिलशी त्याचं बोलणं ईस्टर आणि ख्रिसमसच्या जेवणापुरतं उरलं. "मीठ दे", "हवा बरी आहे", एवढंच.

म्हणून एका ऑक्टोबरात एमिलच शेडच्या दारात हात हलवत उभा राहिला, तेव्हा लॅडीला आश्चर्य वाटलं. एमिलच्या हातात रायफलची पिशवी होती.

"सायलेन्सर आला वाटतं," लॅडी म्हणाला. गावात असली गोष्ट लपत नाही. सरकारी मंजुरीसाठी एमिलने बोटांचे ठसे दिल्याचं दाणा-पेंडीच्या दुकानातल्या बर्नीस माखालाने केव्हाच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"आला एकदाचा. आणि आल्यापासून डोकं उठवलंय." एमिलने रायफल टेबलावर ठेवली. पिस्टनवर चालणारी, आखूड नळीची, गवताच्या कुरणात येणाऱ्या रानडुकरांसाठी घेतलेली. नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारा काळा, जाडजूड सायलेन्सर बसवलेला. "तोंडावर सगळा धूर येतो. डोळ्यांतून पाणी. आणि पुंगळ्या अशा उडतात की माझ्याच गाडीची काच फुटायची राहिली."

"डावरा आहेस ना. पुंगळी जिथून बाहेर पडते, नेमकं तिथंच तुझं थोबाड."

"थोबाड देवाने दिलंय. तू बंदुकीचं बघ."

लॅडीने रायफल उघडली, आत बोट फिरवलं. बोट काळं झालं. एरवी या रायफलमध्ये गोळी नळीतून पुढे गेली की तिच्यामागचा थोडा गॅस वरच्या भोकातून पिस्टनवर जातो, पिस्टन मागे ढकलला जातो आणि त्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून नवं काडतूस आत येतं. पुढे सायलेन्सर लावला की गॅसला चटकन बाहेर पडता येत नाही. तो नळीतच कोंडतो आणि पिस्टनला नको इतक्या जोराने लाथ घालतो.

"मागचं दार, बोल्ट, लवकर उघडतंय," लॅडी म्हणाला. "आत धूर भरलेला असतानाच. म्हणून तुझ्या तोंडावर येतो. रेग्युलेटर फिरवून भोक लहान करायला हवं."

"मग कर की."

"करतो. पण एवढी वर्षं बिनसायलेन्सरची उडवलीस, आता काय झालं?"

एमिलने उजव्या कानाची पाळी चोळली. "शिट्टी वाजते आतमध्ये. सकाळी उठल्या उठल्या. मला अजून अकॉर्डियन वाजवायचंय, लॅडी." मग दाराकडे तोंड वळवता वळवता तो पुटपुटला, "तुझ्यासारखं व्हायचं नाहीये मला."

आपण हळू बोललो, म्हणजे ते लॅडीपर्यंत पोचलं नाही, असं त्याला वाटलं. लॅडीला ऐकू आलं नव्हतंच. पण त्याला एमिलचे ओठ दिसले होते. तो आता माणसांच्या आवाजापेक्षा ओठांच्या जवळ राहत होता. त्याने फडकं घेऊन पिस्टन पुसायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी ते दोघं खडीच्या खाणीत गेले. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. लॅडीने रायफल धुऊनपुसून आणली होती. तो एकेक काडतूस घालून एमिलला उडवायला लावी, मग रेग्युलेटर एक खाच फिरवी, पुन्हा उडवायला लावी. रेग्युलेटर म्हणजे नळीवरची लहानशी गोल चकती, पंख्याच्या बटणासारखी खाचाखाचांनी फिरणारी. लॅडीला आवाजातला फरक कळत नव्हता. तो पुंगळ्या कुठे पडतात तेवढं बघत होता. आधी त्या पुढे, खडीच्या ढिगापर्यंत उडत होत्या. एकेक खाच कमी होत गेली तशा त्या बाजूला पडू लागल्या, मग थोड्या मागे, एमिलच्या उजव्या बुटाजवळ.

"आता?" लॅडी विचारी.

"खटखट कमी झाली."

"धूर?"

"थोडा आहे."

आणखी एक खाच.

"आता?"

एमिलचा चेहरा उजळला. "आता काय, लोणी! धक्काच नाही. ही ठेव."

लॅडीने आणखी एक खाच कमी केली. या वेळी पुंगळी बाहेर पडली ती मरगळल्यासारखी, आणि काडतुसांचं मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागे अडकून राहायला हवा होता तो राहिला नाही. लॅडीने मान हलवली आणि रेग्युलेटर तिथून दोन खाचा वर घेतला.

"अरे, मधली छान होती!" एमिल ओरडला. "लोण्यासारखी."

"आज छान आहे. आज ऊन आहे, बंदूक धुतलेली आहे आणि काडतुसं मी आणलेली आहेत. थंडी पडू दे, आत काजळी धरू दे, तू ती तुझी जुनी काडतुसं घाल, मग बघ. जोर कमी पडला की पुंगळी अर्ध्यात अडकणार."

"पण या खाचेला धूर येतो."

"पूर्वीपेक्षा कमी येतो. तेवढा येणारच."

"एवढी खटपट करून थोडा येणारच असेल तर..."

"एमिल, तुला सौम्य हवी की चालणारी हवी?"

एमिलने हात वर केले. लॅडीने खिशातून अल्बिनाच्या लाल नेलपॉलिशची बाटली काढली. रेग्युलेटरवरून खालच्या पोलादावर जाणारी एक सरळ रेघ त्याने ओढली. रेघ जुळलेली असेल तोवर रेग्युलेटर जागेवर आहे असं समजायचं. ती सुकेपर्यंत दोघं गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसले. एमिलने आणलेलं सॉसेज आणि पाव दोघांनी खाल्ला. ड्रमचा विषय कुणी काढला नाही, पण गाडीतून परत येताना एमिलने त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, कापसाच्या पिकाबद्दल सांगितलं आणि लॅडीला ऐकू यावं म्हणून प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे वळून बघितलं. लॅडी म्हणाला, "समोर बघ, गाडी चालवतोयस."

यानंतर सोयरीक जरा रुळावर आली. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, कुंपणाच्या तारांवर बर्फाचा पापुद्रा धरला, आणि एमिलच्या कुरणाची डुकरांनी एका आठवड्यात नांगरट करून टाकली. नदीच्या बाजूने ती यायची आणि पहाट सरता सरता परत जायची. एमिलने लॅडीला विचारलं, "येतोस? तुझ्या पेकानखालचीही माती उकरताहेत." लॅडीने वडिलांची जुनी, हाताने बोल्ट ओढायची रायफल घेतली. तिला सायलेन्सर नव्हता.

उजाडायच्या सुमाराला ते नदीकाठच्या काटेरी झुडपांशी पोचले. एमिलने कानांवरचे संरक्षक गळ्यात उतरवून ठेवले होते. सायलेन्सर असल्यावर आवाज सहन होतो, आणि डुकरांची चाहूल घ्यायची तर कान उघडे हवेत, असं त्याचं म्हणणं. लॅडीला चाहूल घ्यायचा प्रश्नच नव्हता. तो एमिलच्या उजव्या खांद्याशी, थोडा मागे राहून चालत होता.

कळप कुरणाच्या मध्यावर होता. एमिलने रायफल टेकवली आणि दोन माद्या पाडल्या. तिसरी गोळी एका मोठ्या नराला लागली, पण मर्मावर नाही. कळप नदीकडे पळाला. नर झुडपात शिरला. एमिल दोन पावलं पुढे गेला आणि नर झुडपातून सरळ त्याच्यावर आला.

एमिलने गोळी झाडली. लागली की नाही ते कळलं नाही. त्याने पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत, बोल्टच्या तोंडात उभी अडकली होती. एमिल बोल्ट मागे ओढत असतानाच डुकराने त्याला खाली पाडलं. सुळा पोटरीतून गेला. लॅडीला किंकाळी ऐकू आली नाही, पण एमिल पडलेला दिसला. डुक्कर वळून पुन्हा त्याच्या मांडीशी भिडलं होतं. लांबून गोळी घालायची तर एमिललाच लागायची भीती. लॅडी धावत जाऊन एमिलच्या डोक्याशी गुडघ्यावर बसला, नळी त्याच्या उजव्या कानावरून पुढे काढली, डुकराच्या मानेशी जवळजवळ टेकवली आणि चाप ओढला.

डुक्कर एमिलच्या बुटांवर कोसळलं.

लॅडीने पट्टा काढून पोटरीच्या वर आवळला. एमिल दोन्ही हातांनी कान धरून बसला होता, पायाचं त्याला भानच नव्हतं. लॅडीने पडलेली रायफल उचलली. भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही हे अंगवळणी पडलेलं, म्हणून आधी मॅगझिन काढलं, अडकलेली पुंगळी बोटाने उपटून टाकली. तेव्हा त्याची नजर रेग्युलेटरवर गेली. लाल रेघ जुळत नव्हती. वरचा तुकडा एक खाच खाली सरकलेला होता.

त्याने मान वर केली. एमिल त्याच्याचकडे बघत होता.

लॅडीने रायफल पिशवीत घातली, एमिलला खांद्यावर टेकवून गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागला.

पोटरीला पुष्कळ टाके पडले, पण पाय वाचला. भेटायला येणारे विचारायचे, काय झालं? एमिल म्हणायचा, "बंदूक अडकली." हे खरंच होतं. मग विचारायचे, "अरे, ती तर लॅडीने करून दिली होती ना?" एमिल म्हणायचा, "हो." हेही खरंच होतं. पुढे कुणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे.

फेब्रुवारीपर्यंत लॅडीच्या टेबलावरच्या बंदुका कमी झाल्या. एकजण म्हणाला, घाई आहे, दुसरीकडे बघतो. एकाने सायलेन्सरसाठी आणलेली रायफल तशीच परत नेली आणि कारण सांगताना छताकडे बघितलं. बर्नीस माखालाने एकदा दाण्याचं पोतं द्यायच्या निमित्ताने येऊन, समोर उभं राहून, स्पष्ट ओठांनी सांगितलं, "लॅडी, लोक बोलताहेत. तू करून दिलेली बंदूक ऐन वेळी अडकली म्हणताहेत."

"अडकली खरी," लॅडी म्हणाला.

अल्बिनाच्याही कानावर आलं. तिने रात्रीच्या जेवणाआधी त्याला टेबलाशी बसवलं आणि विचारलं, "तुझी चूक होती का?"

"बंदूक अडकली."

"मी ते विचारलं नाही."

"सूप थंड होतंय," लॅडी म्हणाला आणि चमचा उचलला. अल्बिनाने त्याच्या पुढ्यातली बशी ओढून घेतली. तो उठला. कोट घालून शेडमध्ये गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला.

तो का बोलला नाही, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. एमिलच्या उजव्या कानातले वरचे सूर गेले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, परत येणार नाहीत. ते सूर लॅडीच्या गोळीने गेले होते. एमिल ज्याला भीत होता तेच त्याच्या पदरात पडलं होतं, आणि ते टाकणारा हात लॅडीचा होता. अशा माणसाकडे जाऊन "रेग्युलेटर तू फिरवलास" म्हणायला त्याची जीभ उचलेना. शिवाय मनात एका कोपऱ्यात असंही होतं की, एमिल आपण होऊन बोलतो का ते बघू या.

एमिलने बँड सोडला नाही. पण वसंतातल्या पहिल्या लग्नात तो खुर्चीवर बसून वाजवत होता, आणि कडवं बदललं की शेजारचा ट्रम्पेटवाला त्याच्या बुटाला बूट लावत होता, हे अल्बिनाने पाहिलं. घरी येऊन तिने ते लॅडीला सांगितलं नाही.

मे महिन्यात ती गोष्ट झाली. दाणा-पेंडीच्या दुकानात ट्रेव्हर क्रेनेक नावाचा गुरंवाला मिठाच्या लाद्या घ्यायला आला होता. बर्नीसने त्याला विचारलं, तुझ्या रायफलला सायलेन्सर बसवायचा होता त्याचं काय झालं?

"पाठवतोय सान अँटोनियोला."

"अरे, मागच्याच शेडमध्ये लॅडी बसलाय."

"लॅडी? नको बाई. माझ्या दोन्ही पोटऱ्या मला आवडतात."

पोत्यांच्या थप्पीमागे एमिल कोंबड्यांचा दाणा बघत उभा होता. ट्रेव्हरला तो दिसला नव्हता. एका कानाने ऐकणारा माणूस हळू बोलू शकत नाही. एमिल जे बोलला ते बर्नीसच्या म्हणण्याप्रमाणे रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर ऐकू गेलं.

"मी फिरवला होता तो!"

ट्रेव्हर दचकून वळला.

"रेग्युलेटर! लॅडीने नीट लावून दिला होता. मला धक्का नको होता म्हणून मी एक खाच कमी केली. त्याने सांगितलं होतं अडकेल म्हणून, शब्दाशब्दाने सांगितलं होतं! आणि मी आजपर्यंत तोंड शिवून बसलो. झालं समाधान? जा आता सान अँटोनियोला!"

एवढं बोलून तो दाणा न घेताच लंगडत बाहेर पडला. त्याची गाडी सुरू व्हायच्या आत बर्नीसने अल्बिनाला फोन लावला होता.

अल्बिना पिठाच्या हातांनीच शेडमध्ये आली. लॅडीसमोर उभी राहून तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काय?" तिने पुन्हा सांगितलं.

"दुकानात म्हणाला?" त्याने विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"ट्रेव्हर होता, बर्नीस होती. म्हणजे सगळे आलेच. तुला माहीत होतं?"

"रेघ सरकलेली दिसली होती."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आणि इतके महिने तू या टेबलाशी माश्या मारत बसलास? मला सांगायचं नाही?"

"तो सांगेल असं वाटलं होतं."

अल्बिनाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "तो गाढव आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली. "तू दुसरा निघशील असं वाटलं नव्हतं." तिने तसेच पिठाचे हात घेऊन गाडी काढली आणि भावाच्या घरी गेली. तिथे ती काय बोलली ते कुणाला कळलं नाही. एमिलची बायको एवढंच सांगते, की कुत्रा ओसरीखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिल शेडच्या दारात उभा राहिला. या वेळी त्याने हात हलवला नाही. सरळ आत आला, टेबलाला वळसा घालून समोर आला आणि पिशवी ठेवली.

"ती खाच वर घे," तो म्हणाला.

"तूच घे. तुला येतं की फिरवता."

एमिल लालबुंद झाला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना. लॅडी हसला नाही, पण त्याने स्टूल पायाने पुढे सरकवलं. एमिल बसला. दुखरा पाय त्याने पुढे पसरला.

"सांगायला हवं होतं मी. हॉस्पिटलमध्येच. पण पहिल्या माणसाला सांगितलं नाही, मग दुसऱ्याला कसं सांगणार? रोज वाटायचं, उद्या." त्याने पोटरी चोळली. "तू पण काही बोलला नाहीस."

"तुझा कान गेला."

"पाय राहिला."

"हो, पण कान गेला."

"एक विचारू? अगदी कानाशीच का उडवलीस? मला त्याचं काही नाही. नुसतं विचारतोय."

लॅडीने थोडा विचार केला. "दुसरीकडे डुक्कर नव्हतं," तो म्हणाला.

एमिलने मान डोलावली. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मग तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "आणि उत्सवातलं ते. मायक्रोफोनवरचं. ते मी बोलायला नको होतं."

तो खाली बघून बोलला, त्यामुळे लॅडीला त्याचे ओठ दिसले नाहीत. "काय म्हणालास?" त्याने विचारलं. एमिलने मान वर केली आणि तेच वाक्य पुन्हा, नीट, मोठ्याने म्हटलं. एकदा म्हणण्यापेक्षा दोनदा म्हणणं त्याला जड गेलं हे लॅडीला दिसत होतं. त्याने "बरं" म्हटलं आणि रायफल उघडली.

रेग्युलेटर त्याने जागेवर आणला आणि या वेळी नेलपॉलिशवर भरवसा न ठेवता एक बारीक पोलादी पिन आडवी ठोकली. आता तो फिरवायचा तर आधी पिन उपटायला हवी, आणि तेवढी हत्यारं एमिलकडे नव्हती. खाणीत जाऊन उडवून पाहिली. एमिल म्हणाला, "धूर येतो." लॅडी म्हणाला, "येऊ दे." त्या बंदुकीबद्दल त्यांचं यापेक्षा जास्त बोलणं पुन्हा झालं नाही. एमिल अजून तीच वापरतो. ट्रेव्हर क्रेनेकने आपली रायफल जूनमध्ये आणून दिली, आणि लॅडीने ती इतरांसारखीच, रांगेत लावून, केली.

ड्रम माळ्यावरच राहिले. एमिलने एकदा विचारलं होतं. लॅडी म्हणाला, आता हात चालत नाहीत. ते खरं होतं की नाही, कुणी पडताळून पाहिलं नाही.

अल्बिनाने मात्र त्या उन्हाळ्यात दोघांना एकाच गाडीत घालून कानांच्या यंत्रासाठी शहरात नेलं. परत येताना दोघंही कानांत यंत्रं घालून, एकमेकांकडे न बघता, गुपचूप बसले होते. एमिल म्हणाला, टायरचा आवाज फार येतो.

घरी आल्यावर लॅडी स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, शेडमधून पान्यांची पेटी आणली आणि मागची जाळी उघडायला बसला.

"काय करतोयस?" अल्बिनाने विचारलं.

"घरघर ऐकू येत नाही का तुला? कॉम्प्रेसर गेलाय याचा."

"तो तसाच वाजतो."

"कधीपासून?"

"घेतला तेव्हापासून," ती म्हणाली.

लॅडीने पाना खाली ठेवला. गुडघ्यांवर बसूनच त्याने आणखी थोडा वेळ फ्रीजची घरघर ऐकली. मग जाळी परत बसवली, चारही स्क्रू आवळले आणि फ्रीज भिंतीला लावला.